आधी तिला सांग

चि. मुली,
सप्रेम आशीर्वाद.

समन्वय बैठकीला सगळी खाती आली, इतिवृत्तही वेळेत निघालं. संध्याकाळी सुधारगृहात, कुंटणखान्यावरच्या छाप्यात सोडवलेल्या त्या मुलीनं ‘दीदी, माझं काय ठरलं?’ विचारलं आणि तू गप्प राहिलीस. आता मला विचारतेस, हे काम आपल्याला जमेल का. ते नंतर बघू. तिला उत्तर दिलंस का? तुझ्या एवढ्या लांब पत्रात तेवढंच नाही.

छाप्यानंतर एका बाईभोवती किती माणसं जमतात बघ. तपास अधिकारी, डॉक्टर, दंडाधिकारी, घरची चौकशी करणारा परिविक्षा अधिकारी, सुधारगृहाची अधीक्षिका, अठराच्या आतली असेल तर बालकल्याण समिती, भरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, बांगलादेशची असेल तर वकिलात. जो तो तिला तेच विचारतो: कुणी आणलं, कितीला विकलं. तिचा मोबाइल कधी मिळणार, घरी फोन कोणी केला, घरच्यांना काय सांगितलं, हे मात्र तिला कुणी सांगत नाही. म्हणून बैठकीतून उठलीस की फाइल कपाटात जायच्या आत तिच्याकडे जा. आधी तिला सांग.

ही माझी लहर नाही. पिटाच्या, म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याच्या, कलम 17 मध्येच आहे की दंडाधिकाऱ्यांनी तिला म्हणणं मांडायची संधी द्यायची आणि मग चौकशी लावायची. सप्टेंबर 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तीन सज्ञान तरुणींना वर्षभर सुधारगृहात ठेवण्याचा आदेश रद्द केला, कारण त्यांच्या इच्छेविरुद्ध त्यांना असं डांबता येत नाही. आणि 1996 साली मुंबईच्या कुंटणखान्यांतून सुटलेल्या नेपाळी मुलींचं काय करायचं, यावर दोन्ही देशांत खल चालला होता. परत गेल्यावर त्यांच्यातल्याच काहींनी ‘शक्ती समूह’ ही संघटना उभी केली. 2013 मध्ये तिला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या मुलींना काय कळतंय, असं तुला कुणी म्हणालं तर हे त्याच्यासमोर ठेव.

मी नवी असताना एक मुलगी दर सोमवारी प्लॅस्टिकच्या पिशवीत कपडे भरून ऑफिसच्या दाराशी बसायची. ‘सोमवारी बघू’ असं तिला कुणीतरी म्हणालं होतं. तिचा गृहचौकशी अहवाल दोन जिल्ह्यांच्या पत्रापत्रीत अडकला होता, आणि तो हलवायची माझी पोच नव्हती. ती खंत अजून जात नाही. पुढे प्रत्येक बैठकीत मी विचारू लागले, ‘हे तिला कोण सांगणार? नाव लिहा.’ नुसतं ‘कार्यवाही करावी’ लिहिलं तर मी उठायचीच नाही. एका साहेबांनी मला बोलावणं बंद केलं, तरी मी जायचे. अडेलतट्टू म्हणाले. म्हणू देत. नाव लिहिलं गेलं की काम व्हायचं, आणि माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही.

तू म्हणशील, काही ठरलंच नव्हतं तर काय सांगू? तेच सांग. ‘अहवाल आलेला नाही, मी शुक्रवारी विचारते.’ आणि शुक्रवारी जा, हात हलवत जायला लागलं तरी जा. घरी सोडण्याचा शब्द देऊ नकोस, तो तुझ्या हातात नाही. दलालाला जामीन झाला तर ते तिला तुझ्याकडून कळू दे, कुंटणखाना चालवणाऱ्या घरवालीच्या माणसाकडून नको. वाईट बातमी असली तरी आधी तिला.

ती बंगाली बोलते असं लिहिलंस, दुभाषी कोण ते लिहिलं नाहीस. सुधारगृहातल्याच दुसऱ्या मुलीला मध्ये बसवत असशील तर आजच थांबव. तिथली गोष्ट रात्रीपर्यंत सगळ्या खोल्यांत पोचते. जबाबाच्या तारखेआधी दुभाष्यासाठी कोर्टात लेखी अर्ज दे, पोच घे, आणि अर्ज दिल्याचं तिला सांगून ये. मग मला फोन कर.

तुझी,
ताई