जेम्स वेब दुर्बिणीच्या फोटोंत ताऱ्यांना टोकं का दिसतात? तारे खरंच तसे असतात का?

नाही, ती टोकं ताऱ्याची नसून दुर्बिणीची आहेत. तारा इतका दूर असतो की तो नुसता ठिपकाच. पण त्याचा प्रकाश आरशाच्या कडांपाशी आणि समोरच्या दांड्यांपाशी जरा पसरतो. हे विवर्तन, बारावीच्या फिजिक्समधलंच. वेबचा ६.५ मीटरचा आरसा १८ षटकोनी तुकड्यांचा आहे, म्हणून सहा ठळक टोकं. पुढचा छोटा आरसा तीन दांड्यांनी पेललाय. प्रत्येक दांडीची दोन, अशी त्यांचीही सहा टोकं पडतात, पण दांड्यांचे कोन असे ठेवलेत की त्यातली चार आधीच्या टोकांवरच जाऊन बसतात. उरतात दोन बारीक. एकूण आठ, एखादा ठळक तारा झूम करून मोजा. हबल दुर्बिणीच्या छोट्या आरशाला आधार चार, पण समोरासमोरच्या दांड्यांची टोकं एकमेकांवरच पडतात, म्हणून तिथे फुलीसारखी चारच. जुलै २०२२ मधल्या वेबच्या पहिल्या डीप फील्ड (आकाशाच्या छोट्या तुकड्यात फार दूरवरचं टिपणाऱ्या) फोटोत टोकं असलेले ठळक ठिपके आपल्याच आकाशगंगेतले तारे आहेत, बाकी जवळपास सगळ्या दीर्घिका. मात्र ‘टोकं म्हणजे तारा’ ही खूण डोळे झाकून वापरू नका: दीर्घिकेचं केंद्र फार तेजस्वी असेल (क्वेसार म्हणतात ते असंच केंद्र), तर तिथेही टोकं उमटतात.