रक्कम किती हा एक वाद, ती कुणाची हा दुसरा

प्रश्न : आम्ही पेडणे तालुक्यातले. मोपाच्या सड्यावर, म्हणजे पठारावर, आजोबा भाटकाराची (जमीनमालकाची) काजू बागायत कसत होते. एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीच्या, उताऱ्यावर कूळ म्हणून त्यांचंच नाव आहे. विमानतळासाठी ती जमीन जुन्या कायद्याखाली संपादित झाली. भाटकारानेही मोबदल्यावर हक्क सांगितल्याने पैसे कोर्टात पडून आहेत. आजोबा-आजी नाहीत, वडीलही गेल्या वर्षी वारले. आता भाटकाराकडून निम्मे-निम्मे वाटून घेण्याचा निरोप आला आहे आणि सहीची घाई चालली आहे. शेजारच्या सर्व्हे नंबरवाल्याला कोर्टाने दर वाढवून दिल्याचं नुकतंच कळलं. आम्ही सही करावी का? वाढीव दर आम्हाला मिळेल का? तिथे हॉटेलं येणार म्हणतात, मग जमीन परत मागता येईल का? शिवाय कुंपणाबाहेरच्या आमच्या घरावर मजला चढवायला पंचायत ना-हरकत दाखला मागते. वास्कोचे मेहुणे म्हणतात, नौदलाचं पत्र लागेल. नक्की काय लागतं?

उत्तर : तुमच्या चार प्रश्नांपैकी एकाची मुदत आज, आत्ता चालू आहे. म्हणून सुरुवात शेजाऱ्याच्या निकालापासून करतो.

भूसंपादन कायदा, १८९४ मध्ये कलम २८-अ आहे. स्वतः कोर्टात न गेलेल्या माणसाला शेजाऱ्याच्या निकालाचा फायदा मिळावा म्हणून ते आणलं गेलं. तुमच्या संपादनाचा निवाडा, म्हणजे मोबदला ठरवणारा आदेश, जुन्या कायद्याखालीच झाला असल्याने २०१३ च्या नव्या कायद्याने हे दार बंद केलेलं नाही. मात्र तुमची आणि शेजाऱ्याची जमीन कलम ४ च्या एकाच अधिसूचनेत हवी, तुम्ही कलम १८ खाली वाढीव मोबदल्याचा अर्ज केलेला नसावा, आणि कोर्टाच्या निकालापासून तीन महिन्यांत भूसंपादन अधिकाऱ्याकडे अर्ज जायला हवा. निकालाचा दिवस आणि प्रमाणित नक्कल मिळायला लागलेला वेळ या तीन महिन्यांत धरत नाहीत.

'नुकतंच कळलं' या तुमच्या शब्दांनी मला काळजी वाटली. मुदत कळल्याच्या दिवसापासून मोजत नाहीत, निकालाच्या तारखेपासून मोजतात. पोपट बहिरू गोवर्धने प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली हे स्पष्ट केलं आहे, आणि उशीर माफ करण्याचा अधिकार भूसंपादन अधिकाऱ्याला नाही. तेव्हा निकालाची तारीख काढा आणि नकलेचा अर्ज याच आठवड्यात द्या. तारीख उलटून गेली असली तरी हताश होऊ नका. प्रदीप कुमारी खटल्यात १९९५ साली तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ठरवलं की ज्या निकालाच्या आधारे वाढ मागायची, त्या निकालापासून मुदत मोजायची; तो त्या अधिसूचनेतला पहिलाच निकाल असण्याची गरज नाही. त्याच अधिसूचनेतले आणखी दावे प्रलंबित असतील तर पुढच्या निकालावर आत्तापासून लक्ष ठेवा. कोर्टात चौकशी करून अशा दाव्यांची यादी मिळवा.

कुळाचा वाद मिटलेला नाही, मग अर्ज कसा करायचा, असं तुम्हाला कुणी सांगेल. ते ऐकू नका. कायद्याच्या व्याख्येत मोबदल्यावर हक्क सांगणारा प्रत्येक जण 'हितसंबंधी व्यक्ती' असतो. मात्र वडिलांनी पूर्वी कलम १८ चा अर्ज केला होता का, हे त्यांच्या कागदांत नीट शोधा. केला असेल तर २८-अ तुम्हाला लागू नाही, पण तो मूळ दावाच कुठेतरी जिवंत असेल. भाटकाराने केला असेल तर त्यात पक्षकार व्हा.

आता सही. मोबदल्याचे दोन वेगळे वाद असतात. रक्कम किती, हा कलम १८ आणि २८-अ चा वाद. ती कुणाची, हा कलम ३० चा. तुमचे पैसे कोर्टात अडकले आहेत ते दुसऱ्या वादामुळे. समोर आलेला प्रस्ताव दुसरा वाद मिटवतो असं दिसतं, पण त्यात 'या जमिनीबाबत यापुढे काहीही मागणी उरली नाही' अशी एखादी ओळ असली तर पहिल्या वादातला तुमचा हक्कही त्याच सहीने जातो. वाढीव रकमेचं वजन किती असतं ते पाहा. वाढलेल्या बाजारभावावर ३० टक्के दिलासा रक्कम, अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत किंवा ताब्यापर्यंत, जे आधी असेल तोवर, वर्षाला १२ टक्के, आणि ताब्यापासून पहिल्या वर्षी ९ व पुढे १५ टक्के व्याज. इतकी वर्षं गेल्यावर नुसतं व्याजच वाढीव मुद्दलाच्या पुढे जाऊ शकतं. म्हणून आज आहे त्या मसुद्यावर सही करू नका.

तडजोडच नको, असं मी म्हणत नाही. कुळाचा खटला तुमच्या मुलांच्या हाती जाण्यापेक्षा चांगली तडजोड बरी. पण निम्म्यावर यायचं की नाही, हे तुमचा पुरावा पाहून ठरवा. एक-चौदावरची नोंद गोव्याच्या जमीन महसूल संहितेखाली खरी मानली जाते. ती खोटी ठरवण्याचं ओझं भाटकारावर. आजोबा २० एप्रिल १९७६ रोजी, म्हणजे कूळ कायद्याच्या कलम १८-अ च्या दिवशी, जमीन कसत असतील तर त्या दिवशी त्यांनी ती विकत घेतली असं कायदा मानतो. मग मामलेदारांकडे खरेदीची किंमत ठरली का, भरली का, सनद (खरेदीचा दाखला) निघाली का, हे बघा. सनद असेल तर निम्म्यावर यायचं कारणच नाही. सनद नसेल तर खंडाच्या पावत्या शोधा.

काजू बागायतीत एक अडचण हमखास येते. भाटकाराचा वकील म्हणेल की हे कूळ नव्हतं, दरवर्षी पावणीत, म्हणजे लिलावात, काजूचं पीक घेणारे होते. पावणीत फक्त हंगामाचं पीक मिळतं, जमीन नाही. याला उत्तर म्हणजे झाडं कुणी लावली, गडगा (दगडी कुंपण) कुणी घातला, पावसात तिथे नाचणी-कुळीथ कोण करायचं. हे सांगणारी वाड्यावरची म्हातारी माणसं अजून आहेत तोवर त्यांची साक्ष व्हायला हवी. तुम्ही कूळ होता की नाही, याचा निवाडा कूळ कायद्याखाली मामलेदारांपुढे होतो, म्हणून ही तयारी तिथेही उपयोगी पडेल.

तडजोड केलीच तर पुढे मिळणाऱ्या वाढीव रकमेचं आणि व्याजाचं वाटप मसुद्यात स्वतंत्रपणे लिहून घ्या. आणि कोर्टातले पैसे मुदत ठेवीत आहेत की नुसतेच पडून आहेत, याची चौकशी करा. ते गुंतवण्याचा आदेश मागण्याची सोय कलम ३३ मध्ये आहे. ती बहुतेकांना माहीतच नसते आणि पैसे वर्षानुवर्षं बिनव्याजी राहतात. याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

सही कुणी करायची, यातही गोव्याचा कायदा वेगळा आहे. हक्क आजोबांचा होता. लग्नाआधी वेगळा करार नसेल तर आपल्याकडे नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र धरली जाते, म्हणून अर्धा वाटा आजीचा. उरलेल्यात आजोबांची सगळी मुलं आली. आत्या त्यात तुमच्या वडिलांच्या बरोबरीने आहेत, आणि त्याच नियमाने त्यांचे यजमानही. वडिलांच्या वाट्यातलं अर्धं तुमच्या आईचं स्वतःचं आहे, वारसा म्हणून मिळालेलं नव्हे. एकट्या तुमच्या सहीने झालेली तडजोड उद्या कुठलीही आत्या मोडू शकेल. २०१२ च्या उत्तराधिकार कायद्याप्रमाणे विशेष नोटरीकडे वारसाचा दस्त करून घ्या.

वडिलांच्या जागी वारसांची नावं दाव्यात लावण्याची मुदत ९० दिवसांची होती. ती गेली असणार. तरीही विलंबमाफीच्या अर्जासह लगेच जा. पुढच्या तारखेची वाट पाहू नका. आणि वकिलाच्या फीची चिंता असेल तर एक गोष्ट आत्यांना आवर्जून सांगा. विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली कोणत्याही स्त्रीला, उत्पन्नाची अट न लागता, मोफत वकील मिळतो. तुमच्या आईला आणि आत्यांनाही मिळेल. त्यासाठी उत्तर गोवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात साधा अर्ज पुरतो.

जमीन परत मिळण्याची आशा मात्र सोडा. वापर न झालेली जमीन पाच वर्षांनी परत करण्याचं किंवा भूमी बँकेत टाकण्याचं कलम १०१ हे २०१३ च्या कायद्यातलं आहे. जुन्या संपादनात सरकारकडे गेलेली जमीन सरकार दुसऱ्या सार्वजनिक कामाला वापरू शकतं. ताबा गेलेला आहे आणि ५ जानेवारी २०२३ पासून तिथून विमानं उडत आहेत. संपादन रद्दबातल झालं हा मुद्दाही इंदूर विकास प्राधिकरणाच्या २०२० च्या घटनापीठाच्या निकालानंतर टिकणार नाही. त्यावर पैसे खर्च करू नका.

राहिला मजला. मेहुणे सांगतात ते वास्कोपुरतं खरं आहे. दाबोळीची धावपट्टी पोर्तुगिजांनी १९५० च्या दशकात बांधलेली. गोवा मुक्तीनंतर ती नौदलाकडे गेली आणि प्रवासी विमानतळ नौदलाच्या तळावरच वाढला. म्हणून तिथल्या उंचीबाबत आजही नौदलाची ना-हरकत लागते. मोपा नागरी विमानतळ आहे. तुमचा संबंध भारतीय विमानतळ प्राधिकरणाशी, २०१५ च्या उंची निर्बंध नियमांखाली. प्राधिकरणाने रंगवार नकाशे केलेले असतात. घर कोणत्या रंगात येतं, ते आधी पाहा. लाल पट्ट्यात असेल तर प्राधिकरणाचा दाखला हवाच. इतर रंगांत, नकाशात दिलेल्या उंचीच्या आत, पंचायत स्वतः परवानगी देऊ शकते. तिथे तिने दाखल्यासाठी अडवलं तर नकाशा दाखवून लेखी कारण मागा. ही उंची समुद्रसपाटीपासून मोजतात, तुमच्या अंगणापासून नव्हे. धावपट्टी सड्यावर आहे. घर खाली वाड्यात असेल तर एका मजल्यापुरती जागा बहुधा निघेल. सर्वेक्षकाकडून जागेचे अक्षांश-रेखांश आणि समुद्रसपाटीपासूनची उंची यांचा दाखला घ्या आणि अर्ज प्राधिकरणाच्या ऑनलाइन व्यवस्थेतूनच करा, मध्यस्थाला पैसे देऊ नका.