वाचकांचे प्रश्न : ग्रीन टी प्यावा, पण गोळी कशासाठी?

प्रश्न : ग्रीन टीच्या वेष्टनावर त्यातील अँटिऑक्सिडंटचा उल्लेख ठळकपणे केलेला असतो. ही द्रव्ये शरीरात नेमके काय करतात? त्यांच्यामुळे हृदयविकार आणि कर्करोग टळतो, हे खरे आहे का?

उत्तर : ग्रीन टी आणि काळा चहा एकाच झाडाच्या पानांपासून तयार होतात. पाने खुडल्यावर लगेच वाफवली किंवा कढईत भाजली, की त्यांतील विकरे (एन्झाइम) निष्क्रिय होतात आणि कॅटेचिन या गटातील अँटिऑक्सिडंट संयुगे बरीचशी मूळ रूपात टिकून राहतात. काळ्या चहाची पाने मात्र मुद्दाम ऑक्सिडीकरण होऊ देऊन तयार केली जात असल्याने त्यांतील बहुतेक कॅटेचिनांचे रूपांतर इतर संयुगांत झालेले असते. ग्रीन टीमधील कॅटेचिनांत ईजीसीजी या नावाने ओळखले जाणारे संयुग सर्वाधिक प्रमाणात असते आणि बहुतेक संशोधन त्याच्याभोवतीच फिरते.

परीक्षानळीत ईजीसीजी फ्री रॅडिकलना, म्हणजे पेशींना इजा करू शकणाऱ्या अस्थिर रेणूंना, झपाट्याने निष्प्रभ करते, यात शंका नाही. प्रश्न आहे तो परीक्षानळीबाहेरचा. प्यायलेल्या ईजीसीजीचा अगदी थोडा अंश रक्तात पोहोचतो, एक-दोन तासांत त्याची पातळी सर्वोच्च होते आणि काही तासांतच उतरते. रक्तात युरिक आम्ल आणि क जीवनसत्त्व यांसारखी अँटिऑक्सिडंट द्रव्ये आधीच त्याच्या कितीतरी पट अधिक असतात, त्यामुळे एका कपाने त्या साठ्यात पडणारी भर नगण्यच म्हणायला हवी. अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांची अँटिऑक्सिडंट क्षमता दाखवणारी आपली माहितीसूची २०१२ मध्ये मागे घेतली, ती याच कारणाने : प्रयोगशाळेतील आकड्यांवरून माणसाच्या शरीरावरील परिणाम ठरवता येत नाही, आणि तरीही जाहिरातींत त्या आकड्यांचा सर्रास वापर होत होता. वेष्टनावरच्या दाव्याला माझ्या लेखी यापेक्षा अधिक वजन नाही.

याचा अर्थ ग्रीन टी निरुपयोगी आहे असा नव्हे. जपानमधील ओसाकी भागात ४० ते ७९ वर्षे वयाच्या ४०,५३० व्यक्तींचा दीर्घकाळ मागोवा घेऊन २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की रोज एक कपापेक्षा कमी ग्रीन टी पिणाऱ्यांच्या तुलनेत पाच किंवा अधिक कप पिणाऱ्यांमध्ये हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणाऱ्या मृत्यूचा धोका पुरुषांत सुमारे २२ टक्के, तर स्त्रियांत सुमारे ३१ टक्के कमी होता. कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत मात्र उल्लेखनीय फरक आढळला नाही. हा निरीक्षणात्मक अभ्यास होता. संशोधकांनी वय, धूम्रपान, आहार यांचा हिशेब धरला असला, तरी भरपूर ग्रीन टी पिणाऱ्यांच्या राहणीमानातील इतर सारे फरक अशा अभ्यासातून पूर्णपणे वगळता येत नाहीत. नियंत्रित चाचण्यांत एलडीएल (‘वाईट’) कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब यांत घट दिसते, पण ती अल्प असते आणि औषधाची जागा घेण्याइतकी नक्कीच नसते. कर्करोगाबाबतचे निष्कर्ष परस्परविसंगत आहेत. त्या भरवशावर कोणतीही तपासणी पुढे ढकलू नये.

प्रश्न : पाच-सहा कप पिण्यापेक्षा ग्रीन टीच्या अर्काची एक गोळी घेणे सोयीचे वाटते. तिने वजनही उतरते असे ऐकले आहे.

उत्तर : सोय आहे, पण सुरक्षितता तितकीच राहते असे गृहीत धरू नये. चहा दिवसभरात घोटाघोटाने पोटात जातो, तर गोळीतून तेच द्रव्य एकदम मोठ्या मात्रेत, आणि अनेकदा उपाशीपोटी, जाते. उपाशीपोटी ईजीसीजी रक्तात अधिक शोषले जाते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिलेल्या मतानुसार नेहमीच्या पद्धतीने बनवलेला ग्रीन टी सर्वसाधारणपणे सुरक्षित आहे, मात्र पूरक गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक ईजीसीजी घेतल्यास यकृताची विकरे रक्तात वाढल्याचे आढळते. अशी वाढ यकृताला इजा होत असल्याची खूण असते. अर्काच्या गोळ्यांमुळे यकृताला गंभीर इजा झाल्याची उदाहरणेही नोंदलेली आहेत, आणि ती कोणाला होईल हे आधी सांगणे अवघड असते. थकवा, गडद लघवी किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसल्यास गोळी तत्काळ थांबवून डॉक्टरांना दाखवावे. वजनाचे म्हणाल, तर चाचण्यांत दिसलेली घट इतकी किरकोळ आहे, की तिच्यासाठी यकृत पणाला लावण्यात काहीच शहाणपण नाही.

प्रश्न : माझे हिमोग्लोबिन कमी आहे आणि रक्तदाबाचे औषधही चालू आहे. ग्रीन टी बंद करावा का?

उत्तर : बंद करण्याची गरज सहसा नसते, वेळ बदलावी लागते. कॅटेचिने वनस्पतिजन्य अन्नातील लोहाशी बांधली जातात आणि त्याचे शोषण कमी करतात, म्हणून जेवणासोबत किंवा लोहाच्या गोळीसोबत हा चहा घेऊ नये. मध्ये एक-दोन तासांचे अंतर असू द्यावे. शाकाहारी व्यक्तींनी हे विशेष पाळावे.

औषधाबाबत मात्र त्याचे नाव पाहणे आवश्यक आहे. नाडोलोल या रक्तदाबाच्या औषधाचे शोषण ग्रीन टीमुळे बरेच घटते आणि त्याचा परिणाम मंदावतो, असे चाचणीत दिसून आले आहे. सर्वच औषधांबाबत असे घडत नाही, तरीही आपण दिवसाला किती कप घेता हे औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण चहाविषयी ते आपणहून विचारतीलच असे नाही.