नायगाऱ्याला जाताना ईस्ट बेथनीचं ‘झपाटलेलं’ पुअरहाउस रात्री बघायचंय, काय तयारी करावी?

तुम्ही चौघं नोव्हेंबरात न्यू जर्सीहून नायगाऱ्याला निघालाय आणि वाटेत न्यूयॉर्क राज्यातल्या ईस्ट बेथनीचं रोलिंग हिल्स असायलम, म्हणजे पूर्वीचं पुअरहाउस, रात्री बघायचंय. सोबत काय घ्यावं आणि भुतं शोधायला वापरतात त्या दिवे लागणाऱ्या मीटरवर किती भरवसा ठेवावा, असं तुम्ही विचारलंय. आधी जागेबद्दल थोडं सांगतो. तिथे कोण राहत होतं हे माहीत नसेल, तर अंधारात नुसतं बसून हाती काही लागत नाही.

न्यूयॉर्क राज्याने 1824 मध्ये कायदा करून बहुतेक काउंट्यांना पुअरहाउस, म्हणजे निराधारांसाठी सरकारी आश्रम, उभारायला लावले. जेनेसी काउंटीने बेथनीतली घोडागाड्यांच्या थांब्यावरची जुनी विटांची इमारत घेतली आणि 1 जानेवारी 1827 पासून तिथे माणसं ठेवायला सुरुवात केली. विधवा, पोरकी मुलं, म्हातारे, अंध-अपंग, व्यसनी, वेडे ठरवलेले असे सगळे तिथे एकत्र. अंगात ताकद असेल त्याने शेतात, गोठ्यात राबायचं. शवपेट्याही तिथल्याच सुतारखान्यात बनत. ज्यांचं प्रेत न्यायला कुणी आलं नाही त्यांना आवारातच पुरलं, आणि बहुतेक थडग्यांचा आज ठावठिकाणा नाही. मृत्यूंचा आकडा 1,700 च्या वर सांगितला जातो. पुढे तिथे नर्सिंग होम झालं, ते 1974 मध्ये बंद पडलं. 1990 च्या दशकात इमारतीत दुकानं थाटली गेली आणि भुताच्या गोष्टी प्रामुख्याने त्या दुकानदारांपासून पसरल्या.

म्हणून माझा आग्रह असा, की दुपारीच पोहोचा आणि आधी शेजारच्या जेनेसी काउंटी पार्क अँड फॉरेस्टमध्ये जा. पुअरहाउसच्याच जमिनीवर वाढलेलं हे जंगल आहे. तिथे या मृतांचं स्मारक आहे, ते बघून मग इमारतीत शिरा. नोव्हेंबरात साडेचार-पाचलाच अंधारतं, तेव्हा तीनच्या आत पार्कात असायला हवं.

इमारत खाजगी मालकीची आहे. बुकिंगशिवाय आवारात शिरलात तर तो गुन्हा ठरतो, आणि ‘फक्त बाहेरून फोटो’ ही सबब पोलिसांपुढे चालत नाही. वेळापत्रक, वयाची अट आणि दर हंगामानुसार बदलतात, त्यामुळे हॉटेल ठरवण्याआधी त्यांच्या वेबसाइटवर तारीख पक्की करा. जबाबदारीमुक्तीच्या फॉर्मवर सही करावी लागते, तो आधी वाचून घ्या. आय-90 हायवेवरून एक्झिट 48 ला बटेव्हियाला उतरायचं, तिथून पुढे गावरस्ता. जेवण आणि पेट्रोल बटेव्हियातच उरका. रात्री परतताना वेग कमी ठेवा, कारण नोव्हेंबरात हरणं सारखी रस्त्यावर येतात. एरी सरोवरावरून येणारा हिमवर्षाव तासाभरात रस्ता झाकून टाकतो, म्हणून निघण्याआधी हवामान बघाच.

कपड्यांचे थर घाला, पण नायलॉनचं विंडचीटर नको. त्याची सळसळ रेकॉर्डिंगमध्ये कुजबुजीसारखी ऐकू येते. बांगड्या, पैंजण, किल्ल्यांचा जुडगा, अत्तर हे सगळं गाडीत ठेवा. अचानक आलेला सुगंध ही अशा जागांची नेहमीची ‘खूण’ मानली जाते. अमेरिकेत घरांच्या रंगात शिसं वापरायला 1978 मध्ये बंदी आली. इमारत त्याहून कितीतरी जुनी आहे, तेव्हा पोपडे सुटलेल्या भिंतींना हात लावू नका, एन-95 मास्क जवळ ठेवा आणि काही खाण्याआधी हात धुवा. प्रत्येकाकडे स्वतंत्र टॉर्च हवा. फोनचा दिवा धरू नका.

आता मीटर. के-2 मीटर चुंबकीय क्षेत्र मोजतो आणि त्याचा दुसरा दिवा 1.5 मिलिगॉसच्या (चुंबकीय क्षेत्राचं एकक) पुढे लागतो. तेवढं क्षेत्र भिंतीतली जुनी वायर, फ्यूजबॉक्स किंवा खिशातला फोनही सहज देतो. उजेड असतानाच मीटर घेऊन सगळ्या खोल्या फिरा आणि कुठे मीटरचे किती दिवे लागतात ते कागदावर मांडून ठेवा. नंतर फोन नुसते सायलेंट नव्हे, एअरप्लेन मोडवर टाका. जुन्या बनावटीच्या के-2 चं बटण दाबून धरावं लागतं आणि अंगठा जरा सैल पडला की दिवे लुकलुकतात. असा मीटर हातात धरून प्रश्न विचारला आणि दिवे लागले, तर ते भुताचं ‘उत्तर’ धरूच नका.

भुताची खूण मानली जाणारी ‘थंड जागा’ शोधायला लोक लेझरचा थर्मामीटर नेतात. तो हवेचं नव्हे, समोरच्या पृष्ठभागाचं तापमान दाखवतो, आणि काच किंवा चकचकीत धातूवर तर चुकीचंच. हवेसाठी तारेचा सेन्सर असलेला थर्मामीटर घ्या. बॅटऱ्या झटकन उतरल्या तर आधी थंडीला दोष द्या: अल्कलाइन सेल गारठ्यात मंदावतात, लिथियमचे टिकतात. फोटोत दिसणारे उजेडाचे गोळे म्हणजे लेन्सजवळच्या धुळीवर उजळलेला फ्लॅश. फोनचा नाइट मोड काही सेकंद एक्स्पोजर देतो, त्यात हललेला माणूस पारदर्शक दिसतो, म्हणून फोटो घेताना सगळ्यांनी ‘थांबलो’ असं मोठ्याने म्हणायचं.

या सगळ्यात मला रेकॉर्डर सर्वांत कामाचा वाटतो, पण नीट वापरला तरच. डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणारा) फॉरमॅट ठेवा आणि आवाजावर चालू होणारी सोय बंद करा, नाहीतर शब्दाचं पहिलं अक्षर कापलं जाऊन भलताच शब्द ऐकू येतो. रेकॉर्डर टेबलावर ठेवा, प्रश्न विचारल्यावर अर्धा मिनिट गप्प बसा. पोट गुरगुरलं, खोकला आला, बूट वाजला, तर लगेच ‘हा मी’ असं म्हणा. कुजबुज कुणीच करायची नाही.

प्रश्न कसे विचारता यालाही महत्त्व आहे. टीव्हीवर दरडावून, शिव्या देऊन विचारतात. तसं करू नका. सात फुटांहून उंच असलेल्या, 1942 मध्ये वारलेल्या रॉय क्राउसची खोली गाइड दाखवतात. त्याचं बहुतेक आयुष्य तिथेच गेलं. तिथे नावाने, आदराने बोला.

घरी आल्यावर ऐकताना हेडफोन लावा आणि संशयास्पद जागेची फक्त वेळ लिहा. चौघांनी वेगवेगळं ऐकून आपापल्या कागदावर काय ऐकू आलं ते लिहायचं. ‘ऐक, इथे तो जा म्हणतोय’ असं आधी सांगितलं की पुढच्याला तेच ऐकू येतं. चारपैकी तिघांनी एकच शब्द लिहिला, तरच ती क्लिप वेगळी काढून ठेवा.