डीएनए वाचता येतो, मग प्रथिनांचा अभ्यास वेगळा कशाला?
जनुक म्हणजे पाककृती. ताटात काय पडलं ते प्रथिनांवरून कळतं. सुरवंट आणि त्याचं फुलपाखरू, डीएनए एकच, प्रथिनांचा संच मात्र निराळा.

सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचंच बघा. १९४९ मध्ये रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांच्या गटाने रुग्णांचं हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं प्रथिन, विद्युतक्षेत्रात ठेवलं, तर ते निरोगी माणसाच्या हिमोग्लोबिनपेक्षा वेगळं सरकलं. (डीएनएची रचना उलगडायला तेव्हा चार वर्षं बाकी होती!) पुढे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी नेमका फरक पकडला: प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी, आणि हिमोग्लोबिनच्या 'बीटा' साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे दुसरंच अमिनो आम्ल. बस, एवढंच. पण ऑक्सिजन कमी झाला की असे रेणू एकमेकांना चिकटतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. गडचिरोली-नंदुरबारकडे सिकलसेलसाठी 'इलेक्ट्रोफोरेसिस' ही विद्युतक्षेत्रातली चाचणी करायला सांगतात, ती मुळात पॉलिंग यांचीच युक्ती.