वाचकांचे प्रश्न : दक्षिण स्पेनच्या किनाऱ्यावर मुक्काम कोठे करावा?

प्रश्न : ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात आई-वडिलांना घेऊन आठवडाभर दक्षिण स्पेनच्या समुद्रकिनारी जाण्याचा विचार आहे. दोघेही सत्तरीच्या घरात असून शाकाहारी आहेत. गाडी भाड्याने घेऊन चालवण्याची आमची तयारी नाही. मार्बेया आणि तोर्रेमोलिनोस ही नावे सारखी कानावर येतात. यांपैकी कोणते गाव निवडावे? — एक वाचक, नाशिक

उत्तर : यांपैकी एकही नाही, असे आमचे मत आहे. तोर्रेमोलिनोस हे मूळचे कोळ्यांचे गाव; १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून तेथे हॉटेलांची रीघ लागली आणि आज किनाऱ्यालगत उंच इमारतींची भिंतच उभी आहे. मार्बेयाच्या जुन्या भागातील संत्र्याच्या झाडांचा चौक सुरेख आहे. परंतु त्या गावाला रेल्वे नाही आणि श्रीमंतांच्या नौका पाहण्यासाठी तेथवर जाण्यात आपल्या आई-वडिलांना कितपत रस वाटेल, याची शंका आहे.

आपण गाडी चालवणार नसल्यामुळे मुक्काम ठरवताना वाळूपेक्षा वाहतुकीचा विचार आधी करावा. त्या दृष्टीने मालागा शहरात तीन-चार रात्री आणि नेर्हा या गावात उरलेल्या रात्री, अशी विभागणी उत्तम. माद्रिदहून मालागाला वेगवान रेल्वेने साधारण तीन तासांत पोहोचता येते, तर मालागाच्या विमानतळावरून शहरात येणारी लोकल उलट दिशेने तोर्रेमोलिनोसवरून फुएन्हिरोलापर्यंत जाते. तेव्हा ती गावे पाहायचीच असतील, तर अर्ध्या दिवसात पाहून परतता येते. मालागा हे पिकासोचे जन्मगाव असून त्याच्या चित्रांचे संग्रहालय जुन्या शहरातच आहे. अल्कासाबा हा मुस्लिम राजवटीतील किल्ला मात्र चढणीचा आहे, तेथे घाई करू नये.

नेर्हा मालागाच्या पूर्वेस सुमारे ५० किलोमीटरवर आहे आणि तेथे बसनेच जावे लागते. गावाच्या मध्यभागी समुद्रात घुसलेल्या कड्यावर ‘युरोपचा सज्जा’ नावाचे प्रशस्त आवार आहे. १८८४ च्या भूकंपानंतर पाहणीस आलेल्या राजा बाराव्या आल्फोन्सोने हे नाव दिले, असे सांगतात. त्याचा कांस्यपुतळा आज तेथे कठड्याला रेलून उभा आहे. आवार सपाट असल्याने वृद्धांना संध्याकाळी तेथे निवांत बसता येते. बुरियाना या मोठ्या पुळणीकडे जाणारा रस्ता मात्र तीव्र उताराचा असल्याने परतताना टॅक्सी करावी. १९५९ मध्ये काही मुलांना सापडलेली नेर्हाची गुहा भव्य आहे, पण आत पायऱ्या पुष्कळ आहेत. गुडघेदुखी असल्यास ती वगळावी आणि तो वेळ शेजारच्या फ्रिहिलियाना या डोंगरउतारावरील पांढऱ्या गावाला द्यावा. तेथे आजही उसाची काकवी तयार होते, आणि वांग्याचे तळलेले काप काकवी घालून खाण्याची त्या भागात रीत आहे. शाकाहारी माणसाला यापेक्षा खात्रीचा पदार्थ सापडणे कठीण. बदाम-लसणीचे थंड ‘आहोब्लांको’ सूपही चालेल, टोमॅटोच्या दाट ‘साल्मोरेहो’वर मात्र डुकराच्या मांसाचे आणि अंड्याचे तुकडे घालतात आणि साध्या सॅलडमध्येही न विचारता ट्यूना मासा येतो, हे आधीच सांगून टाळावे. रात्रीचे जेवण तेथे नऊच्या सुमारास सुरू होते, म्हणून लवकर जेवणाऱ्यांनी दुपारी दोन-तीनच्या दरम्यान पोटभर जेवून रात्री फळांवर भागवावे. याच पट्ट्यात आंबा पिकतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हाच त्याचा हंगाम. दिवाळीच्या तोंडावर ताजा आंबा खाण्याचा योग आपल्याकडे कुठला! समुद्राचे पाणी मात्र कोकणापेक्षा बरेच थंड असते.

प्रश्न : स्पेनच्या दक्षिण टोकावरील तारिफाहून बोटीने एका दिवसात मोरोक्कोला जाऊन येता येईल का? — एक वाचक, पुणे

उत्तर : अंतराच्या दृष्टीने सहज येईल, कारण तेथे जिब्राल्टरची सामुद्रधुनी जेमतेम १४ किलोमीटर रुंद आहे आणि मोरोक्कोतील तान्जियरला बोट सुमारे एका तासात पोहोचते. तथापि भारतीय पासपोर्टधारकांना मोरोक्कोचा स्वतंत्र व्हिसा लागतो. शिवाय आपला शेंगेन व्हिसा (स्पेनसह युरोपातील अनेक देशांसाठीचा सामायिक व्हिसा) एकाच प्रवेशाचा असेल, तर तारिफाचा धक्का सोडताच तो संपतो आणि परत स्पेनमध्ये पाऊल ठेवता येत नाही. त्यामुळे अर्ज करतानाच अनेक प्रवेशांचा व्हिसा मागावा. तारिफाला ‘लेव्हान्ते’ हा पूर्वेचा वारा सलग अनेक दिवस वाहतो. पतंगाच्या जोरावर लाटांवर धावणाऱ्यांची त्यामुळे चंगळ होते, पण जोर वाढला की बोटी रद्द होतात. म्हणून हा बेत सहलीच्या अखेरच्या दिवशी ठेवू नये.