अक्कलदाढेमुळे कान आणि मान दुखू शकते का?

तुमचा प्रश्न असा, की दोन महिने उजवा कान आणि कानशील ठणकतंय, मान आखडते, कानाच्या डॉक्टरांनी कान स्वच्छ आहे म्हणून परत पाठवलं, मागची अक्कलदाढ अर्धवट आलीय पण ती दुखत नाही. मग हे तिचं काम असेल का? कानाचं म्हणाल तर हो, नक्की असू शकतं. मानेचं जरा थांबा. मी डॉक्टर नाही, इंदूरला दिवसभर लोकांची जीएसटी रिटर्न भरणारी बाई आहे, पण या वाटेनं पाच महिने फिरून आलेय.

माझंही कानापासूनच सुरू झालं. आईनं थंडी लागली म्हणून कापूस घालायला लावला, आत्यानं लसणाचं कोमट तेल. (तेल घालू नका. नंतर ते काढायलाच कानवाल्यांकडे जावं लागलं.) त्यांनी आत दिवा मारून पाहिलं, कान ठणठणीत आहे म्हणाले आणि दात दाखवून या म्हणून सांगितलं. मी गेले नाही, कारण दाढ दुखतच नव्हती. मग डिसेंबरात सराफ्याच्या खाऊगल्लीत गराडूची (तळलेल्या कंदाची) प्लेट हातात घेतली आणि तोंड दोन बोटांपलीकडे उघडेना. आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात जायला हवीत, न गेली तर जबड्याचे स्नायू आखडलेत असं समजायचं. तेव्हा कुठे दातांच्या डॉक्टरांकडे गेले.

त्यांनी शेवटच्या दाढेमागे, जिथं हिरडीची एक लहानशी टोपी अर्ध्या अक्कलदाढेवर आली होती, तिथं बोट दाबलं. कळ गेली ती सरळ कानात. हिरडीवर नुसतं दाबल्यासारखं वाटलं, कानात मात्र सुई. मग त्या टोपीखाली पिचकारीनं पाणी मारलं तर घाण वास, थोडा पू आणि एक पिवळा कण बाहेर आला. डॉक्टर ट्रेमध्ये बघून म्हणाले, "मॅडम, ये तो सेव है." सकाळच्या पोह्यांवरची! ब्रश तिथं पोचत नाही, कण अडकतो, सडतो, हिरडी सुजते, वरची दाढ तीच सूज चावते, की ती आणखी सुजते.

आता कान का दुखतो ते. चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणारी जी मोठी नस आहे, ट्रायजेमिनल, तिच्या तीन फांद्या. तिसरी खालच्या जबड्याची. खालचे दात तिच्याकडे, आणि कानाचा पुढचा भाग नि कानशीलही तिच्याचकडे. आमच्या रामबागेतल्या जुन्या वाड्याला तीन बिऱ्हाडांत मिळून एकच कडी होती. वाजली की वरच्या काकू, आम्ही आणि मागचे, सगळेच "कोण आहे?" म्हणून बाहेर. मेंदूचं तसंच होतं: कडी दाढेनं वाजवली, तो कानाचं दार उघडून बघतो.

मला पटलं ते मात्र या समजावण्यानं नव्हे. दाढ काढायच्या दिवशी जबड्यात भुलीचं इंजेक्शन दिलं आणि थोड्याच वेळात ओठ बधिर झाला, त्याबरोबर कानाची कळही गेली. कानाला तर कुणी हात लावला नव्हता. तुमच्या बाबतीत शंका राहिलीच तर डॉक्टरांना हे विचारून बघा. भुलीनं कान शांत झाला तर मूळ तिकडेच असण्याची शक्यता बरीच वाढते.

कारण उलटंही घडतं. चांगले दात उपटून झाले तरी दुखणं तसंच राहिलेली माणसं आहेत. गार वाऱ्यानं किंवा तोंड धुताना विजेच्या झटक्यासारखी, काही सेकंदांची कळ येत असेल तर ते बहुधा त्या नसेचंच दुखणं, त्याला मेंदूविकारतज्ज्ञ हवेत. सकाळी उठल्यावर जबडा जड आणि कानापुढे कट्कट् आवाज, तर जबड्याचा सांधा बघायला सांगा, रात्री दात खात असाल. वरचा जबडा दुखतोय आणि वाकलं की गाल जड होतो, तर सायनस. गुटखा खाणाऱ्याचं तोंड उघडेनासं झालं तर त्याची तपासणी वेगळी आणि लवकर व्हायला हवी. दाढेची कळ सहसा त्याच बाजूला राहते. चेहऱ्याच्या मध्यरेषेपलीकडे गेली की माझा दाढेवरचा संशय कमी होतो.

ताप, जबड्याखाली कडक सूज, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास असेल तर सकाळची वाट न बघता रात्रीच हॉस्पिटल गाठा. छातीत जडपणा आणि घामासकट जबडा दुखणं ही तर हृदयाची गोष्ट.

दाढ काढायचीच असं नाही. सरळ असेल, ब्रश पोचत असेल तर राहू द्यावी. पूर्ण जबड्याचा एक्स-रे, ओपीजी, त्यात ती आडवी आहे का आणि तिची मुळं खालच्या नसेला किती चिकटलीत ते दिसतं. फार जवळ असेल तर ओठ बधिर राहण्याचा धोका आधीच विचारून घ्या. काढल्यावर पहिले काही दिवस जोरात चुळा नाहीत, स्ट्रॉ नाही, सिगरेट नाही. खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघाली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा कानापर्यंत कळ जाते, आणि ती आधीच्या दुखण्यापेक्षा वाईट असते, असं माझी मावसबहीण रडत सांगते.

मानेचं. चेहऱ्याची ती नस मेंदूच्या तळाशी जिथं पोचते, मानेच्या वरच्या नसाही तिथंच येऊन मिळतात, शिवाय माणूस एकाच बाजूनं चावतो, जबडा आवळून बसतो, जबड्याखालच्या गाठीही सुजतात. म्हणून दाढेमुळे मान दुखणं शक्य आहे. माझा कान आठवड्यात थांबला, मान नाही थांबली. ती फिजिओथेरपिस्टनं लॅपटॉपखाली आयकराची दोन जाड पुस्तकं ठेवायला लावली तेव्हा हळूहळू सुटली. पुस्तकं अजून तिथंच आहेत.